चिठ्ठ्यांचं देणं

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे, त्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांची नावं मला ठाऊक नाहीत. अक्षरं मात्र ओळखतो. एकाचं अक्षर बारीक आणि डावीकडे कललेलं. दुसरा 'श' असा काढायचा की घाईत 'रा' वाचावा. तिसऱ्याला ग्रंथाच्या संक्षेपाखाली दोनदा रेघ ओढायची सवय. मी कामाला लागलो तेव्हा यांतले बरेच जण निवृत्त झाले होते, काही वारलेही होते. पण त्यांच्या चिठ्ठ्यांवाचून माझं पान हलत नव्हतं.

ही गोष्ट पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली. बाहेरगावच्या माणसाला 'डेक्कन' म्हटलं की जिमखाना आठवतो. हे कॉलेज तिकडे नाही, नदीपलीकडे येरवड्याला आहे. तिथल्या संस्कृत कोशविभागात लोखंडी खणांच्या रांगाच्या रांगा आहेत आणि त्यांत सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे जवळजवळ दीड हजार ग्रंथ वाचून, त्यांतला शब्द न् शब्द संदर्भासह उतरवून या चिठ्ठ्या केल्या. वेद आणि दर्शनं तर आलीच. शिवाय वैद्यक, गणित, शिल्प, संगीत, अश्वचिकित्साही. १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी हे काम सुरू केलं. नुसत्या चिठ्ठ्या लिहिण्यात १९७३ साल उजाडलं. कोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तेव्हा मी शाळेत होतो आणि संस्कृतशी माझा संबंध शुभं करोतिपुरता होता.

डेक्कन कॉलेजचं नाव मात्र आमच्या घरात त्याच्याही आधी येऊन पोचलं होतं, आणि तेही संस्कृतमुळे नव्हे.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. जवळच इनामगाव. नदीकाठी पांढरीची टेकाडं आहेत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गाड्याच्या गाड्या भरून ती शेतात टाकायची पद्धतच होती. पीक चांगलं येतं म्हणत. १९६८ पासून त्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजची माणसं दर हिवाळ्यात तंबू ठोकू लागली. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी, मधुकर ढवळीकर ही नावं मला पुढे पुस्तकांत भेटली. गावात ते सगळे 'कालेजवाले साहेब'. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सुगी उरकली की तिथे रोजंदारीवर जात. कुदळ आणि घमेलं घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात तिथे खुरपं आणि ब्रश आला. शेतकऱ्याला मातीचा रंग कळतो. जमीन कुठे चोपलेली आहे, खांबाचा खड्डा कुठे होता, हे आबांना लवकर दिसू लागलं. कालेजवाल्यांनी ते हेरलं, आणि आबांचं काम घमेल्याकडून खुरप्याकडे गेलं.

त्या उत्खननातून काय निघालं ते आज पाठ्यपुस्तकांत आहे. इसवीसनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. शंभरावर घरांचे अवशेष. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचं आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचं, मोठं माणूस असेल तर पुरण्याआधी त्याची पावलं तोडायची, ही त्यांची रीत. शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि ढवळीकरांनी त्याचं कारण कोरड्या पडत गेलेल्या हवामानात शोधलं. शिरूर तालुक्यातल्या माणसाला दुष्काळाने गाव उठल्याची गोष्ट परकी वाटत नाही. आज्जीला आबांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "मंग त्यांचं तरी काय येगळं झालं?"

पण आबा संध्याकाळी जेवताना सांगत ते याहून वेगळं असे. खापरं निघाली की पिशवीत भरायची आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाकायची: कुठला खड्डा, कुठला थर, किती खोल, कुठली तारीख. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी चिठ्ठी पडल्याशिवाय पिशवीचं तोंड ते बांधू देत नसत. "चिठ्ठी न्हाई तर ते नुसतं खापार," असं म्हणत. मी सुट्टीत खापरं धुवायला जायचो. साहेबांपैकी एकाने विचारलं, "काय रे, शाळेत जातोस का?" आबा म्हणाले, "जातोय साहेब, पर शेतीत ध्यान न्हाई." साहेब हसले आणि म्हणाले, "मग आमच्याकडे पाठव." बोलणं तेवढंच होतं. आबांनी ते मनावर घेतलं. साहेबांना दुसऱ्या दिवशी आठवलंही नसेल. कर्ज देणाऱ्याच्या वहीत नोंद नसते, घेणाऱ्याच्या असते.

उत्खनन १९८३ पर्यंत चाललं. त्याच्या अहवालाचा पहिला खंड १९८८ साली निघाला. पहिल्या कुदळीपासून पहिल्या पुस्तकापर्यंत वीस वर्षं. त्यात हाडांचा अभ्यास करणारे वेगळे, जळक्या धान्याचा अभ्यास करणारे वेगळे, मानवी सांगाडे पाहायला परदेशातून आलेले वेगळे. आज संशोधन प्रकल्पाला मुदत मिळते ती बहुधा तीन वर्षांची. तीन वर्षांत इनामगाव झालं असतं का? एक खड्डा झाला असता.

ज्या संस्थेने हे केलं ती मुळात जगलीच कशी, हेही सांगायला हवं, कारण माझं देणं तिथवर मागे जातं. १८२१ साली विश्रामबागवाड्यात पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून 'हिंदू कॉलेज' निघालं. त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या आधाराने १८६८ मध्ये येरवड्याच्या इमारतीत आलं. टिळक आणि आगरकर तिथलेच विद्यार्थी, रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे प्राध्यापक. इतकं असूनही १९३४ साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. लेख लिहून आणि सभा घेऊन भागलं नाही तेव्हा वकील लावले. अखेर १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं, पण पदवीचे वर्ग घेणारं कॉलेज म्हणून नव्हे. पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून.

या बदलाचं महत्त्व आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. १८५७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर: कॉलेजं संलग्न करायची, परीक्षा घ्यायची, पदव्या द्यायच्या. शिकवणं कॉलेजात, आणि नवं ज्ञान निर्माण करणं? ते कुठेच नाही. बर्लिनमध्ये १८१० साली हुंबोल्टने वेगळी गोष्ट मांडली होती. जो शोधतो त्यानेच शिकवावं आणि जो शिकतो त्यानेही शोधात भाग घ्यावा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सने १८७६ साली ती उचलली. आपल्याकडे कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी विद्यापीठातच पदव्युत्तर विभाग उभे केले. मुंबई विद्यापीठानेही विसाव्या शतकात काही चांगले विभाग काढले. पण बहुतेक ठिकाणी विद्यापीठ म्हणजे परीक्षा खातंच राहिलं. पुण्यात तर मोठं संशोधन विद्यापीठाच्या बाहेरच वाढलं. भांडारकर प्राच्यविद्या मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती होत होती तेव्हा पुण्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते १९४९ साली आलं.

अशा वेळी १९३९ मध्ये येरवड्याला मोजकी माणसं एकत्र बसली. भाषाशास्त्राला कत्रे, पुरातत्त्वाला सांकलिया, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर, समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावती कर्वे. इरावतीबाई बर्लिनला शिकून आलेल्या, आणि आपल्या गुरूच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताला मोजमापांतून पुरावा मिळत नाही हे त्याच्याच हाताखाली लिहून आलेल्या. त्या काळी विद्यार्थी थोडे आणि पैसा त्याहून थोडा. पण भाषा, हाडं, खापरं आणि नातेसंबंध एका छताखाली आले. चहाच्या वेळी कोशातला माणूस पुरातत्त्वातल्या माणसाला विचारू शकत होता की या ग्रंथात सांगितलेलं धान्य तुम्हाला जमिनीत सापडतं का. नुसती प्रयोगशाळा किंवा नुसतं कॉलेज यांच्यापेक्षा विद्यापीठ वेगळं पडतं ते इथे. या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९९० साली मिळाला. काम ती विद्यापीठाचंच करत होती, आधी पन्नास वर्षं.

मी कोशात आलो तो शिरूरला बी.ए. आणि पुणे विद्यापीठात संस्कृतचं एम.ए. करून. संस्कृतकडे वळवलं ते शाळेतल्या एका मास्तरांनी. ते शिकवायला उत्तम नव्हते, पण आपल्याला येत नाही ते येत नाही म्हणून सांगत आणि पुढच्या आठवड्यात शोधून आणत. आबांना वाटलं मी 'कालेजवाल्यांत' जातोय म्हणजे खापरांतच जातोय. मी कागद बघत बसतो हे कळल्यावर थोडे खट्टू झाले. मग एकदा पुण्याला आले तेव्हा त्यांना खण उघडून दाखवला. त्यांनी एक चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "हितंबी चिठ्ठ्याच हायेत की."

काम असं असायचं. एक शब्द वाटणीला आला की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. ग्रंथांच्या काळाप्रमाणे लावायच्या, जुना आधी, नवा नंतर. मग प्रत्येक चिठ्ठीवरचा उतारा छापील ग्रंथाशी पडताळायचा. शब्दाचा तिथे नेमका अर्थ काय ते मागचा-पुढचा मजकूर आणि टीका वाचून ठरवायचं. अर्थाच्या छटा वेगळ्या करायच्या, पहिला वापर कुठे दिसतो ते नोंदवायचं आणि मग इंग्रजीत नोंद लिहायची. ती वरिष्ठांकडे जायची आणि तांबड्या शाईने माखून परत यायची. 'अग्नी'सारखा शब्द असला तर मूळ शब्द राहिला बाजूला, त्याच्या समासांनीच टेबल भरायचं. इथे कोशकाराने स्वतःला सुचलेला अर्थ लिहायचा नसतो. ग्रंथ काय म्हणतो तेवढंच, आणि कुठल्या काळी म्हणतो तेही.

आमच्या एक बाई होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. माझ्या एका नोंदीतला एक उतारा त्यांना खटकला. त्यांनी त्या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या ग्रंथालयातून मागवल्या. पाठभेद पाहिले, टीका पाहिली, एका हस्तलिखिताच्या वर्णनापर्यंत गेल्या. सबंध दुपार त्यात गेली. निष्पन्न एवढंच झालं की तो उतारा पहिल्या अर्थाखालून उचलून तिसऱ्या अर्थाखाली गेला. छापील पानावर एक ओळ इकडची तिकडे.

मी म्हटलं, "बाई, हे कोण बघणार आहे?"

"ज्याला लागेल तो बघेल," बाई म्हणाल्या, आणि पुढची नोंद ओढली.

मला पगार देणारे, पदवी देणारे पुष्कळ भेटले. ही वृत्ती देणाऱ्या बाई एकच. आणि त्यांना ती त्यांच्या आधीच्यांनी दिली असणार, कारण डावीकडे कललेल्या अक्षराच्या त्या गृहस्थाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका चिठ्ठीच्या मागे बारीक पेन्सिलने 'पाठ संशयित, दुसरी आवृत्ती पाहावी' असं लिहून ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. आपल्यानंतर कोणी तरी ही चिठ्ठी उलटून बघेल, असा भरवसा त्याला होता. हा भरवसा पगारातून येत नाही. संस्था टिकणार आहे, जागा भरली जाणार आहे, काम पुढे कोणी तरी घेणार आहे, हे आजूबाजूला दिसत असेल तरच माणूस चिठ्ठीच्या मागे लिहितो.

आता कोशावरच्या टीकेबद्दल. पस्तीस खंड झाले आणि अजून 'अ' चालू आहे, हा विनोद मी शेकडो वेळा ऐकला आहे. पंक्तीत ऐकला, लग्नात ऐकला, एका मंत्रिमहोदयांच्या भाषणातही ऐकला. विनोद खरा आहे आणि त्यातली टीकाही पूर्ण खोटी नाही. वामन शिवराम आपट्यांनी याच पुण्यात एकहाती कोश करून १८९० साली छापला. बोएटलिंक आणि रोठ यांचा पीटर्सबर्गचा कोश वीस वर्षांत सात खंडांत पुरा झाला. आमच्या आराखड्यात हाव होती, हे मला मान्य आहे. सगळ्या विद्याशाखा, सगळे काळ, शब्दाचे सगळे वापर. कोणी तरी मध्येच थांबून प्रमाण ठरवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण याच जातीचा लॅटिनचा कोश म्युनिकमध्ये १८९४ पासून चालू आहे आणि तोही अजून संपलेला नाही. ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १८५७ च्या ठरावातून निघाला, पुरा झाला १९२८ मध्ये; त्याचे मुख्य संपादक मरी त्याआधीच वारले. महाभारताच्या आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये ते हाती घेऊन त्याला शिस्त लावली, १९४३ मध्ये ते गेले, आणि मग बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते तडीला नेलं. सुकथनकरांनंतर संपादकाची जागा 'पुढील आदेशापर्यंत' रिकामी ठेवली असती तर आज महाभारताचा अभ्यास करणारं सगळं जग कशाच्या आधारावर बोललं असतं?

काही वर्षांनी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात शिकवायला गेलो. कायमची नोकरी होती, घरी बहिणीचं लग्न होतं, यापलीकडे कारण नाही. तिथे मला संशोधनाचा दुसरा संसार दिसला. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गुण मोजायची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके, परिषदेला इतके. गुण नाहीत तर बढती नाही. बघता बघता पैसे भरले की आठ दिवसांत निबंध छापणारी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. आयोगाने ती रोखायला मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी केली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. आमच्याकडे नॅकची समिती येणार म्हटलं की स्टाफरूममध्ये फायली, फोटो आणि प्रमाणपत्रं यांचा महिनाभर धुरळा उडे. एका वर्षी माझ्या विभागात संशोधन 'कमी' भरलं म्हणून मला समज मिळाली. त्या वर्षी मी कोशाच्या नव्या खंडाची मुद्रितं सुट्टीत बसून तपासत होतो. त्या कामाला रकाना नव्हता.

त्या स्टाफरूममध्ये माझ्याहून अधिक वाचलेली तरुण मुलं होती. सेट-नेट झालेली, पीएच.डी. झालेली, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी. तासाला ठरलेले पैसे, तेही सहा महिन्यांनी. उन्हाळ्यात काही नाही. त्यांतली एक मुलगी मोडी फार सुंदर वाचायची. तालुक्यातल्या एका वाड्यातली कागदपत्रं तिने सुट्टीच्या दिवशी जाऊन लावली, प्रत्येक कागदाला चिठ्ठी केली. पुढे ती स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवायला गेली, कारण तिथे महिन्याचे पैसे महिन्याला मिळतात. तिने लावलेले कागद वाड्यातच आहेत. उलटून बघणारं कोणी नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत मंजूर असलेल्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, हे आता बातमीसुद्धा राहिलेलं नाही.

भविष्याबद्दल बोलायचं तर पैशाशी थांबावं लागतं. आपला देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये अशी घोषणा आहे, आणि त्यांतले ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार अशा सरकारबाहेरच्यांकडून यावेत अशी अपेक्षा. हेतू चांगला आहे. राज्यांच्या विद्यापीठांपर्यंत पैसा पोचावा असंही त्यात म्हटलेलं आहे. पण उद्योगाला रसायनात, औषधात, संगणकात रस असतो, आणि त्यात गैर काही नाही. इनामगावच्या जळक्या जवात कोणत्या कंपनीला रस असेल? जिथे परतावा नाही तिथे समाजानेच पैसा घालायचा असतो. समाज म्हणजे शेवटी सरकार, आणि कधी कधी जीजीभॉय.

आणि एकदा मिळाला म्हणून पैसा कायमचा नसतो. अमेरिकेची विद्यापीठं दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी अनुदानावर मोठी झाली, सगळ्या जगातली हुशार मुलं तिथे गेली. आपल्याकडची तर किती. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हात आखडता घेतला तेव्हा बॉल्टिमोरच्या त्याच जॉन्स हॉपकिन्सला २,००० हून अधिक नोकऱ्या कमी कराव्या लागल्या, बहुतेक परदेशांतल्या आरोग्य प्रकल्पांवरच्या. दीडशे वर्षांच्या संस्थेची ही गत. १९३४ चं येरवडा आणि २०२५ चं बॉल्टिमोर यांत मला फारसा फरक दिसत नाही. काटकसर करायची ठरली की पहिली कात्री लागते ती ज्याचं फळ उशिरा येतं त्यालाच.

यंत्राबद्दल मला सगळे विचारतात. आता संगणक क्षणात शब्द शोधून देतो, मग तुमच्या चिठ्ठ्या कशाला? कोशाच्या कामासाठी आता संगणकप्रणाली आहे, आणि मी ती वापरणाऱ्या मुलांचा हेवा करतो. आम्ही आठवडा घालवत होतो ती शोधाशोध त्यांची सकाळी चहाआधी होते. छान झालं. पण बाईंनी तीन आवृत्त्या काढून घालवलेली ती दुपार शोधण्यात गेली नव्हती, ठरवण्यात गेली होती. ठरवायला कोणी तरी तयार व्हावं लागतं आणि ते तयार होणं दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसूनच होतं. तांबडी शाई सोसून. विद्यापीठाने पुढच्या पन्नास वर्षांत बाकी सगळं बाहेर दिलं तरी चालेल. व्याख्यानं मोबाइलवर जाऊ देत, परीक्षा संगणकावर जाऊ देत. ही शेजारी बसण्याची जागा तेवढी सोडू नये. ती गेली तर उरेल ते पुन्हा १८५७ चं परीक्षा खातं, फक्त वायफाय असलेलं.

सगळंच निराशेचं आहे असं मात्र नाही. याच डेक्कन कॉलेजातल्या भाषाशास्त्राच्या मुलांनी राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. ती मुलं खेड्यापाड्यांत जाऊन लोकांना बोलतं करून आली आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित करून सगळ्यांना ऐकायला ठेवलं. हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यातलं प्राचीन डीएनए मिळवून २०१९ मध्ये जो निबंध आला, त्यातही डेक्कन कॉलेज होतं. त्या निबंधाच्या निष्कर्षांवरून वर्तमानपत्रांत जो धुरळा उडाला तो मला आवडला नाही. पण वाद घालायला हाडं आणि थर नोंदलेले होते, ही मोठी गोष्ट. चिठ्ठी होती.

आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. उत्खननाच्या अहवालांत मजुरांची नावं सहसा नसतात. कोशाच्या खंडांतही चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सगळ्यांची नावं कोणाला शोधावीशी वाटतील असं नाही. ती यादी कोणी तरी करावी अशी माझी फार इच्छा आहे, आणि निवृत्तीनंतर मी थोडी सुरुवातही केली आहे.

वाचकांना एकच विनंती. १९३४ साली कॉलेज बंद झालं तेव्हा जे कोर्टाची पायरी चढले, ते मंत्री किंवा कुलगुरू म्हणून नव्हे, तिथले माजी विद्यार्थी म्हणून चढले होते. तुम्हीही कुठल्या तरी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आहातच. वर्षातून एकदा स्नेहमेळावा होतो, फोटो निघतात, जेवण चांगलं असतं. पुढच्या मेळाव्याला जाल तेव्हा आपल्या विभागप्रमुखांना उभं राहून विचारा: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि कुठलं काम माणूस नाही म्हणून थांबलं आहे? उत्तर लेखी मागा. लेखी मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.